पोस्टरचं दुसरं टोक

नंद्या,

तुझी ती पोस्टरची नळी अजून लॉन्ड्रीतच आहे. वॉशिंग मशीन आणि भिंत यांच्यामधल्या फटीत, तू उभी केलीस तशीच, झाकण काढलेली. शेजारी पाण्याचं पातेलं. त्यातलं पाणी आटलंय. वहिनींनी ते पुन्हा भरलं नाही आणि जागचं हलवलंही नाही. कागद कोरडा पडू नये म्हणून तू तिथलं हीटिंग बंद करून ठेवलं होतंस, तेही अजून बंदच आहे. मेलबर्नच्या कडेच्या तुमच्या ट्रुगानिनाचा वारा मागच्या दाराखालून आत येतो, फरशी गार पडलेली असते, आणि वहिनी दोन-दोन मोजे घालून कपडे धुवायला लावतात.

तुझ्या तेराव्याला लोक जेवून गेल्यावर त्या मला तिथे घेऊन गेल्या. म्हणाल्या, "भाऊजी, हिचं काय करायचं ते तुम्हीच ठरवा. माझी हात लावायची हिंमत होत नाही. अजय आल्याशिवाय उघडायची नाही, असं सांगून ठेवलं होतं त्यांनी."

एवढंच म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.

म्हणून हे लिहितोय. नळी उघडण्याआधी थोडं आणि उघडल्यावर थोडं, असं झालं आहे, तेव्हा वेडंवाकडं वाटलं तर सांभाळून घे. तू माझी मराठी नेहमीच सांभाळून घेतलीस. "अज्या, तू मराठीतसुद्धा ईमेल लिहितोस," असं म्हणायचास.

त्या दिवशी तुझ्या ऑफिसातल्या एकाने मला विचारलं, हॉलमध्ये ते बैलाचं चित्र कसलं? मी सांगितलं, बुलफायटिंगचं जुनं पोस्टर आहे, स्पेनचं. तो म्हणाला, नंदू स्पेनला जाऊन आला होता? नाही. मग बुलफायटिंग आवडायचं का त्याला? नाही. मग? इतकी वर्षं तुझ्याशी याच विषयावर भांडलो, आणि तुझी बाजू सांगायची वेळ आली तर मला दोन वाक्यं जुळवता येईनात. मी म्हणालो, "त्याला बैल आवडायचे." त्याने मान डोलावली आणि कोशिंबीर वाढून घेतली.

तुला आठवतं ना, सुरुवात कशी झाली? क्लेटनच्या त्या खोलीत आपल्याकडे दोन गाद्या आणि एक कुकर होता. मग हार्ड रबिशचा आठवडा आला. लोकांनी घरातलं नकोसं सामान उचलून फुटपाथच्या कडेच्या गवतावर मांडायचं, आणि काउन्सिलचा ट्रक यायच्या आत आपण ते उचलायचं. आपलं पहिलं घर असंच उभं राहिलं. खुर्च्या, दिवा, एक पाय लंगडा असलेलं टेबल. तुला एक ड्रॉवरचं कपाट दिसलं. ते आपण रस्त्याने ओढत आणलं, आणि वर चढवताना मधला ड्रॉवर निसटला. त्याच्या मागे कागदाची एक गुंडाळी होती, काळपट सुतळी बांधलेली.

आपण ती कार्पेटवर ठेवली. मी वरची कड धरली, तू खालची धरून मागे मागे सरकत गेलास. कागद संपतच नव्हता. तू दाराबाहेर पॅसेजमध्ये पोचलास तरी अजून होताच. वर लाल कापड, मग सोनेरी कपड्यांतला माणूस, मग बैल, मग पिवळ्या पट्ट्यावर काळी मोठी अक्षरं, आपल्याला एकही वाचता न येणारी. तू तिकडून ओरडलास, "अरे बैल बघ, बैल!" आणि तेवढ्यात माझा फोन वाजला. भारतातून असणार, आई असणार, एवढंच डोक्यात आलं आणि मी हात सोडला.

तो आवाज मला अजून ऐकू येतो. जुना कागद इतक्या जोरात उलटा गुंडाळला जातो हे मला कुठे माहीत होतं? तो स्वतःवरच आपटला आणि बैलाच्या मानेतून आरपार फाटला.

तू ओरडशील असं वाटलं होतं. तू फक्त म्हणालास, "जा, फोन घे."

मी आईशी बोलून परत आलो तेव्हा तू गॅसवर मैद्याची खळ शिजवत होतास. गावाकडे पतंग चिकटवायचास तशी. पातळ कागदाच्या पट्ट्या कापून तू मागून फाटलेलं जोडलंस, वर पुस्तकं ठेवून दाबलंस. पुढे वाचून वाचून तुला कळलं की जगभरचे जाणकारही पिठाचीच खळ वापरतात, कारण ती पाण्याने पुन्हा सोडवता येते. तेव्हा तू मला मुद्दाम फोन करून सांगितलंस. इतका खूश होतास जणू परीक्षेचा निकाल लागलाय.

तेव्हापासून तुझा नियम: नवीन पोस्टर एकट्याने उघडायचं नाही. माणसाच्या उंचीपेक्षा मोठा कागद, वर्षानुवर्षं गुंडाळलेला. दोन माणसं हवीत. एकाने वरची कड जमिनीवर धरायची, दुसऱ्याने वीतभर उघडायचं, थांबायचं, पुन्हा वीतभर. आणि फोन दुसऱ्या खोलीत. ही शेवटची अट फक्त माझ्यासाठी होती. तू ती कधी बोलून दाखवली नाहीस. मी आलो की हात पुढे करायचास, मी फोन द्यायचो, तू तो किचनमध्ये ठेवून यायचास.

तुझा छंद नंतर वाढत गेला. रविवारचे बाजार, म्हाताऱ्यांची घरं रिकामी होतात तेव्हाचे सेल, इंटरनेटवरची मंडळी. काउन्सिलच्या ड्रेनेज विभागात नकाशे काढणारा माणूस, त्यामुळे पोस्टरं ठेवायला नळ्यासुद्धा सांडपाण्याच्याच. वहिनी म्हणायच्या, "आमच्या गॅरेजमध्ये पूर आला तरी चालेल, पाइप भरपूर आहेत."

मला तुझ्यामुळे बऱ्याच गोष्टी कळल्या, आणि त्या मला नको असताना कळल्या. चित्रकार फक्त वरचा भाग काढायचा आणि खालचा कोरा सोडायचा, मग गावोगावचे छापखाने त्यात आपापल्या गावच्या झुंजीची नावं आणि वार घालायचे. एकाच चित्रावर दहा गावं भागायची. खरं जुनं पोस्टर दगडावरून छापलेलं असतं, भिंगाखाली त्याचा रंग ओल्या वाळूसारखा दिसतो, दाणे कसेही सांडलेले. नंतरच्या नकलांमध्ये ठिपके ओळीने बसलेले असतात. "शाळेच्या प्रार्थनेला उभे राहिल्यासारखे," तू म्हणायचास. आणि अक्षरांच्या अगदी वर छोटी ओळ असते: अधिकाऱ्यांच्या परवानगीने, आणि हवामान आड आलं नाही तर. ही ओळ तू उचललीस ती कायमची. शनिवारी येतोस का? "येतो, हवामान आड आलं नाही तर." तुझ्या लेकीच्या, ईशाच्या शाळेत शिक्षकांना भेटायला जायचंय. "तुझ्या वहिनींच्या परवानगीने आणि हवामान आड आलं नाही तर." मेलबर्नमध्ये राहणाऱ्या माणसाला याहून खरी ओळ सापडायची नाही, असं तुझं म्हणणं.

पण मुख्य म्हणजे बैल. तू मॅटाडोरकडे, त्या सोनेरी कपड्यांतल्या माणसाकडे, बघायचाच नाहीस. "तो माणूस कुणीही काढेल. नटवा आहे, उभा राहतो. बैल बघ. पुढच्या पायांवर वजन आलंय का? नाही आलं, तर चित्रकाराने फोटो बघून काढलाय." फलटणजवळच्या तुमच्या गोठ्यात तू बैलांमध्ये वाढलास, तुला ते दिसायचं. आपल्या बैलाला वशिंड असतं, यांच्या बैलाला मानेवर मांसाचा उंचवटा असतो आणि राग आला की तो फुगतो, हे तू मला कितीदा सांगितलंस. मी कितीदा "हो का" म्हणालो.

मी तुला म्हणायचो, अरे पण त्याला मारतात. भाले खुपसतात, दमवतात, मग तलवार. आणि लोक टाळ्या वाजवतात. तू त्याची जाहिरात भिंतीवर लावतोस.

तू म्हणायचास, "मारतात, मला माहीत आहे. मी बघायला जाणार नाही, कुणी तिकीट हातात दिलं तरी नाही. पण पोस्टर आधी छापतात, अज्या. पोस्टरमध्ये तो मेलेला नसतो. अजून उभा आहे. तसाच राहतो."

मला हे पटायचं नाही. आताही पूर्ण पटलेलं नाही, तू गेलास म्हणून मी हो म्हणणार नाही. चित्र चांगलं म्हणून त्याच्यामागचं रक्त पुसलं जात नाही. पण तेव्हा मी हे असं नीट बोलायचो नाही, टोमणे मारायचो. आणि रविवारी मटण खायचो. तू खायचा नाहीस. ते तू वादात एकदाही काढलं नाहीस, याची मला आता फार लाज वाटते.

आईचं आठवतं? ती इथे आली होती तेव्हा तू पोळ्याला आम्हाला जेवायला बोलावलंस. वहिनींनी पुरणपोळ्या केल्या होत्या. हॉलमध्ये ते आपलं फाटलेलं पोस्टर, आता काचेत, मानेवरचा सांधा दिसतोच आहे. आई बराच वेळ त्याच्यासमोर उभी राहिली. मग देव्हाऱ्यातून हळदकुंकू आणलं आणि काचेवर, बरोबर बैलाच्या कपाळावर, लावलं. नैवेद्याचं ताट मागितलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाकीचे पाहुणे बघत होते.

मी म्हणालो, "आई, अगं तो पूजेचा बैल नाही. तो मारायला काढलेला बैल आहे."

आई म्हणाली, "म्हणून तर."

तू हसला नाहीस. तू वाकून आईच्या पाया पडलास आणि म्हणालास, "काकू, इतक्या वर्षांत याला हे समजावता आलं नाही मला." परत येताना गाडीत मी आईला बोललो, चारचौघांत असं करू नकोस म्हणून. वेस्ट गेटच्या पुलावरून घरी येईपर्यंत ती खिडकीबाहेर बघत राहिली. आई गेली त्यालाही आता बरीच वर्षं झाली. काचेवरचं ते कुंकू तू कधी पुसलं नाहीस. परवाही होतं. ईशा म्हणाली, लहानपणी तिला वाटायचं की ते पोस्टरवरच छापलेलं आहे.

आम्ही ग्लेन वेव्हर्लीला घर घेतलं तेव्हा तू एक पोस्टर आणलंस. पर्यटकांसाठी छापतात तसलं, दोन मोठ्या मॅटाडोरांच्या नावांच्या मधोमध कुणा पर्यटकाचं नाव घातलेलं. "हा म्हणजे तू. दोन शूरांच्या मध्ये फुकट." किती हसलो होतो आपण! मी ते लावलं नाही. पाहुणे काय म्हणतील, मुलांच्या मित्रांचे आईबाप काय म्हणतील, असं करत ते कपाटामागे गेलं. तू दर वेळी यायचास, भिंतीकडे एकदा बघायचास, आणि चहा छान झालाय म्हणायचास.

आता दिवाळीचं. टाळून चालणार नाही.

फराळाला घरी बरीच माणसं होती. माझ्या ऑफिसातलं नवीन जोडपं होतं, गुरगावचं. त्यातल्या तिने तुला विचारलं, "आप क्या कलेक्ट करते हो, अंकल?" तू सांगायला सुरुवात केलीस. ती दगडाची छपाई, तो ओल्या वाळूसारखा रंग. तिचा चेहरा हळूहळू कसा होतोय हे मला दिसत होतं आणि माझी मान खाली जात होती. तू माझा मित्र होतास आणि मला त्या क्षणी तुझी लाज वाटली. मी मोठ्याने म्हणालो, "अरे, ये तो कसाईखाने के पोस्टर जमा करता है. किसी को मटन शॉप का बोर्ड चाहिए तो इसको बोलो."

सगळे हसले. तूही हसलास. चिवड्याची वाटी हातात धरून हसत राहिलास, जरा जास्तच वेळ.

जाताना दारात बूट घालताना तू खाली बघूनच म्हणालास, "अज्या, इतकी वर्षं तू दुसरं टोक धरतोस. एकदाही बैलाकडे बघितलं नाहीस. तुला फक्त तलवार दिसली."

मी म्हणालो, "अरे, गंमत केली यार."

"हो, कळलं ना," तू म्हणालास. "चल. तुझ्या वहिनी गाडीत थांबल्यात, थंडी आहे."

थंडी नव्हती. नोव्हेंबर होता, इथला उन्हाळा तोंडावर.

त्यानंतर आपण भेटलो, बोललो, गुढीपाडव्याच्या जेवणात शेजारी बसलो. पण नवीन पोस्टर आलं नाही, की आलं आणि तू मला सांगितलं नाहीस, मला माहीत नाही. मीही विचारलं नाही. आणि मग जूनमध्ये तुझा तो व्हॉइस मेसेज. तो मी इतक्यांदा ऐकलाय की आता शब्दांच्या आधी तुझा श्वास ऐकू येतो.

"अज्या, बॅलरॅटला एक घर रिकामं होत होतं, म्हातारा गेला. माळ्यावर गुंडाळी मिळाली. कधी उघडली नसणार, कागद काडीसारखा कडक झालाय, आत बघायला गेलो तर तुटेल. पण गुंडाळीच्या आतल्या कडेला पिवळा पट्टा दिसतोय रे. तोच पिवळा. मला वाटतंय आपलाच बैल आहे. न फाटलेला. लॉन्ड्रीत ठेवलाय, जरा ओल धरू दे. ये शनिवारी. चार हात लागतात, दोन माझ्याकडे आहेत."

आपला बैल. क्लेटनच्या कपाटामागचा. त्याची दुसरी प्रत तू किती वर्षं शोधत होतास हे मला माहीत होतं. मी फाडलेली वस्तू तू शोधत होतास, आणि ती सापडल्यावर पहिला मेसेज तू मलाच पाठवलास. दिवाळीनंतर तू पुढे केलेला हातच होता तो. इतकं मला तेव्हाही कळलं. न कळण्याइतका मी मूर्ख नाही.

मी उत्तर पाठवलं, "वॉव! ह्या शनिवारी मुलाची फूटीची मॅच आहे. नेक्स्ट वीक नक्की."

फूटी होती, पण सकाळी होती. दुपारी मी छपराच्या पन्हळीतली पानं काढत बसलो, पाऊस तोंडावर नसताना. पुढच्या शनिवारी मी ऑफिसचं काम सांगितलं. ते काम खरं होतं, पण शुक्रवारीच संपलं होतं. त्यानंतर मी म्हणालो, वेस्ट गेटवर लेन बंद आहेत, ये-जा करण्यात अख्खी दुपार जाईल. तू लिहिलंस, "नो वरीज. हवामान आड आलं."

खरं कारण हे, की यायचं म्हणजे तुझ्यासमोर गुडघे टेकून ती कड धरायची, तू पलीकडून बघणार, आणि मला दिवाळीबद्दल सॉरी म्हणावं लागणार. नुसतं सॉरी. दुसरं काही तू मागितलं नसतंस. बहुधा तेही मागितलं नसतंस, फोनसाठी हात पुढे केला असतास आणि तो किचनमध्ये ठेवून आला असतास. मला तेवढंही जड गेलं. माझ्या मनात होतं की जरा दिवस जाऊ देत, आपोआप जुनं होईल.

मग मंगळवारी सकाळी ईशाचा फोन आला. तिने इंग्रजीत सांगितलं आणि मला पहिल्यांदा कळलंच नाही. "काका, इट्स डॅड," एवढं म्हणून ती थांबली. मी विचारलं, "काय म्हणतोय डॅड?" असं विचारलं मी, नंद्या.

वहिनींनी नंतर सांगितलं, तू एकदा वाट बघून कंटाळलास तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, मी धरते ना दुसरी बाजू, त्यात काय? तू म्हणालास, नको, हे त्याने फाडलंय, त्यानेच उघडायचं. आणि हसलास. त्यांना ही गोष्ट सांगताना हसू आलं आणि मग रडू आलं, आणि मी त्यांच्या किचनमध्ये हातात चहाचा कप घेऊन उभा.

इथपर्यंत मी तेराव्यानंतरच्या आठवड्यात लिहिलं होतं. पुढचं आजचं आहे.

आज शनिवार. मी दुपारी आलो. वेस्ट गेटवर ट्रॅफिक नव्हता. ईशा युनिव्हर्सिटीतून सुट्टी घेऊन घरीच आहे. तिला मी म्हणालो, तुझ्या बाबाची नळी उघडायची आहे, मदत करशील का? ती म्हणाली, "शुअर. मला माहितीये कसं करायचं. डॅड ट्रेन्ड मी." मला हे माहीत नव्हतं. म्हणजे माझ्याशिवायही तू पोस्टरं उघडत होतास. दिवाळीनंतर. बरोबरच आहे.

वहिनींनी हॉलमधलं टेबल सरकवलं, स्वच्छ चादर अंथरली आणि त्या आत निघून गेल्या. म्हणाल्या, "झालं की सांगा." ईशाने माझ्यापुढे हात केला. मी फोन काढून दिला. ती तो किचनमध्ये ठेवून आली. तू तिला हेही शिकवलं होतंस.

मी वरची कड धरली. ईशा वीतभर उघडायची, थांबायची, पुन्हा वीतभर. पातेल्यातलं पाणी आटलं होतं तरी कागदाने ओल धरली होती, तुटला नाही. लाल कापड आलं. सोनेरी माणूस आला. त्याच्याकडे मी बघितलं नाही. मग बैल आला, नंद्या. तोच. खाली आलेलं डोकं, फुगलेली मान, आणि सगळं वजन पुढच्या पायांवर, इतकं की उजव्या खुराखालची वाळू बाजूला सरकलीये. ती वाळू मी कधी पाहिली नव्हती. समोर भिंतीवर त्याचीच फाटलेली प्रत लटकते आहे, कपाळावर आईचं कुंकू असलेली, तिच्याखालून मी इतकी वर्षं ये-जा केली. तिथेही ती वाळू असणारच. मान अखंड होती. सांधा नाही, पट्टी नाही. मी बराच वेळ बैलाकडेच बघत होतो.

ईशा तिकडून म्हणाली, "काका, भिंग घेऊ? डॉट्स बघायचे ना?"

मी नको म्हणायला हवं होतं का, कोण जाणे. तिने तिच्या टोकावर दोन जाड पुस्तकं ठेवली, तुझं भिंग आणलं आणि मला दिलं. मी एका हाताने कड दाबून धरली आणि वाकून बैलाच्या मानेवर भिंग ठेवलं.

ठिपके ओळीत होते. सगळे. प्रार्थनेला उभे राहिल्यासारखे.

मी जागा बदलून पाहिलं, लाल कापडावर, पिवळ्या पट्ट्यावर. तेच. कुणीतरी नंतर कधीतरी छापलेली, पर्यटकांना विकलेली नक्कल. बॅलरॅटच्या म्हाताऱ्याने जपून ठेवलेली आणि तू माळ्यावरून काढलेली. तू असतास तर छापलेल्या बाजूवर नुसतं बोट फिरवून सांगितलं असतंस, भिंगसुद्धा लागलं नसतं. शिवी हासडली असतीस. मग हसला असतास. आपण मागच्या अंगणात चहा प्यालो असतो आणि तू म्हणाला असतास, म्हणजे अज्या, तू फाडलेला तोच एक खरा होता, आणि आयुष्यभर मला त्यावरून छळलं असतंस. ते छळणं माझं होतं. मी ते पानं काढत घालवलं. मेलास तेव्हा तुझ्या मनात तो खरा होता, असं म्हणून मी स्वतःची समजूत घालून बघितली. त्याने काही होत नाही. तुला खोटं पोस्टर चाललं असतं. तुला दुसऱ्या बाजूला माणूस हवा होता.

ईशाने विचारलं, "इज इट रिअल?"

तिच्या बापाला मी ओळीने तीन शनिवार खोटं बोललो होतो. तिला खरं सांगितलं. "नाही गं. नक्कल आहे."

तिने भिंग माझ्या हातातून घेऊन स्वतः एकदा पाहिलं. मग म्हणाली, "ही वुड'व्ह बीन सो पिस्ड ऑफ." आणि तुझ्यासारखीच, नाकातून हसली. मग उठून तिने तिच्या टोकावरची पुस्तकं उचलली. खालची पिवळी कड सुटली, कागद हळूहळू गुंडाळत माझ्याकडे यायला लागला. अक्षरं गेली, ती हवामानाची ओळ गेली, खुराखालची वाळू गेली. बैल आत गेला.

"काका, यू कॅन लेट गो नाऊ," ईशा म्हणाली.

मी दोन्ही हातांनी कड धरून बसलो होतो, नंद्या. सोडली नाही.